हवेतल्या गाठी

“बघ नेटा, गाठ मारतेय ती,” फर्गस म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. लापशी समोर तशीच गार झालेली. दोन्ही हात छातीपुढे धरून ती चिमटीने हवेतून एक न दिसणारा धागा उचलत होती, दुसऱ्या हातातल्या तशाच धाग्यावरून फिरवत होती, ओढत होती, सोडून देत होती. मग पुढचा धागा. हात एक्क्याऐंशी वर्षांचे, पण वेग अजून मागावरचा.

“विणकरी गाठ. मनाने ती गिरणीत परत गेलीय गं,” असं म्हणून फर्गसने डोळे पुसले.

मला त्याचा राग आला. तो माझा थोरला भाऊ. जवळच्याच पर्थहून तीन महिन्यांतून एकदा गाडी घेऊन येतो, अर्धा तास बसतो, आणि गहिवर मात्र सगळा त्याच्याच वाट्याला. मी बावन्न वर्षांची, बिनलग्नाची, आईजवळ राहणारी. मला गहिवरायला वेळ नव्हता. आदल्या आठवड्यात आईने गॅस सोडला आणि काडी लावायची विसरली. त्याच्या आदल्या आठवड्यात ती रात्रीच्या झग्यातच कोपऱ्यावर जाऊन ट्रामची वाट बघत उभी राहिली. डंडीतली शेवटची ट्राम बंद झाली तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

फर्गसने खिशातून अर्ज काढला. ब्रॉटी फेरी उपनगराच्या बाजूला एक वृद्धाश्रम होता आणि तिथे खोली रिकामी झाली होती. तिथल्या मुख्य बाई, मिसेस पेट्री, शुक्रवारी दुपारी आईला बघायला येणार होत्या. आम्हां दोघांच्या सह्या झाल्या की पुढच्या सोमवारी आईला पोचवायचं. खोलीसाठी रांग होती, त्यामुळे शुक्रवार हुकला की खोली गेली. त्याने आपली सही आधीच करून ठेवली होती.

“तू तरी किती दिवस काढशील असे?” तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणून आणखी राग आला.

मग तो उठून मोरीत कप विसळू लागला आणि विसळता विसळता त्याने विचारलं, “आई, आज वार कुठला?”

“मीठ कमी आहे,” आई म्हणाली.

फर्गसने वळून माझ्याकडे बघितलं. शेजारच्या मिसेस डूथी दिवसभर आईजवळ बसायला आल्या होत्या, त्यांनी खाली बघितलं. मी कोट चढवला आणि बस पकडायला पळाले.

माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विद्यापीठाच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सतराव्या वर्षी लागले, बाटल्या धुवायला. पदवी नाही. पण पस्तीस वर्षांत मी जे शिकले ते असं: गिनीपिगच्या आतड्याचा, मूत्राशयाचा, हृदयाच्या कप्प्याचा एकेक तुकडा कापायचा, त्याच्या दोन्ही टोकांना धागा बांधायचा आणि कोमट खाऱ्या पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत तो टांगायचा. पाण्यातून प्राणवायूचे बुडबुडे सोडत राहिलं की तुकडा तासन्‌तास जिवंत राहतो. वरचा धागा काट्याला जोडलेला असतो आणि काटा हलला की कागदावर पेन चालतं. तुकडा आवळला की रेघ चढते, सैल पडला की उतरते. गाठ सुटली की सकाळ वाया. माझी गाठ सुटत नाही, कारण ती आईची विणकरी गाठ आहे. तागाचा धागा चालत्या मागावर तुटला की गिरणीतल्या बायका तीच मारायच्या. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी ती शिकवते आणि निम्म्यांना काही ती जमत नाही.

आमचे प्रमुख डॉ. लम्सडेन कुलपांची गोष्ट सांगतात. मज्जातंतू एक रसायन सोडतात, ते अवयवावरच्या कुलपात किल्लीसारखं बसतं आणि अवयव कामाला लागतो. मूत्राशय आवळतं, तोंडाला पाणी सुटतं, आतडं चालतं, हृदय मात्र दमाने घेतं. ह्या कुलपांना मस्करिनिक म्हणतात, एका विषारी अळंबीच्या नावावरून. सगळी एका घराण्यातली, पण पाच जातींची. हृदयात मुख्यतः दुसरी. मूत्राशय आवळायचं आणि लाळ सोडायचं काम तिसरीचं. मेंदूत पहिलीचा भरणा जास्त. जुनी औषधं जात बघत नाहीत, दिसेल त्या कुलपात जाऊन बसतात. मूत्राशय आवरायला घ्यावं तर तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, पोट साफ होत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोराबरोबर अख्ख्या गावाला फाशी. आम्ही शोधत होतो ते तिसऱ्या जातीपाशीच थांबणारं औषध. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, सत्तेचाळीस. आणि तुलनेसाठी रोज शेजारच्या नळीत एक जुनं औषध घालायचो. ते जुनं औषध म्हणजेच आईची गोळी.

ती मीच सुचवली होती. वसंतात आईला लघवी आवरेनाशी झाली. दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या गिरणीवाल्या बायकांचा चहा असतो. तिथे एकदा खुर्ची ओली झाली आणि आईने जाणंच सोडलं. गुडघा दुखतो, असं सगळ्यांना सांगायची. चौतीस वर्षं जिने मागावर एक खाडा केला नाही, ती बाई घरात खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून बसू लागली. ते मला बघवेना. डॉ. इम्रींकडे जाऊन मी गोळीचं नाव घेतलं. त्या औषधाने मूत्राशयाच्या तुकड्याची रेघ कशी सपाट होते ते मी रोज बघत होते. आठवड्यात आईची खुर्ची कोरडी झाली आणि माझी छाती फुगली. पुढे उन्हाळ्यात तिच्या अंगाला खाज सुटून झोप येईना, तेव्हा औषधाच्या दुकानातून खाजेच्या गोळ्या आणल्या. झोपही लागते त्यांनी, असं दुकानदार म्हणाला. लागली. पण शनिवारच्या चहाला आई काही परत गेली नाही, कारण तोवर तिला शनिवार कळेनासा झाला होता.

तर फर्गस आला त्या सोमवारी चार नळ्या लावून मी हात धुवायला बेसिनशी गेले. बेसिनवर एक सूचनापत्र आहे. अठरा वर्षांपूर्वी मीच टाइप करून लावलेलं, आता पिवळं पडलेलं. औषधाची पूड चुकून तोंडात किंवा डोळ्यांत गेली तर काय दिसेल त्याची त्यावर यादी आहे. तोंड कोरडं. चेहरा लाल. बाहुल्या मोठ्या. नाडी जलद. गोंधळ, भास. आणि शेवटी: बोटं हवेतून काही वेचत असल्यासारखी चालतात.

नळ वाहत राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते माझ्याबद्दलच. आई गिरणीत परत गेली नव्हती. तिची बोटं आपोआप हवेत वेचत होती, आणि वेचणारी बोटं विणकरणीची होती म्हणून आम्हांला त्यात गाठ दिसली. दुसऱ्या कुणाची असती तर कुणी डोळे पुसले नसते.

मी कपाटातला जाडा ग्रंथ काढला आणि खाजेच्या गोळीचं पान शोधलं. खाली बारीक अक्षरांत तेच होतं. तीही त्याच कुलपांत जाऊन बसते. एका नळीत दोन औषधं घालायची तर मी तीनदा विचारते, वहीत वेळ लिहिते, सही करते. आईच्या पोटात मात्र दोन्ही घातली आणि कुठे म्हणून लिहिलं नाही.

डॉ. लम्सडेन कागदावरची रेघ मोजत होते. मी विचारलं, “ह्या जुन्या औषधाने मेंदूचं काय होतं?”

“मेंदू नळीत टांगता येत नाही, नेटा,” ते मान वर न करता म्हणाले. मग मी अजून तिथेच उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पट्टी खाली ठेवली.

मी सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत, उगीच धीर देत नाहीत. जुनं औषध रक्तातून मेंदूत शिरतं, म्हाताऱ्या माणसात जास्तच, आणि वर दुसरी गोळी म्हणजे दुप्पट, असं म्हणाले. थांबवायला हवं, पण डॉक्टरांना विचारून. किती दिवसांत उतरेल ते सांगता येणार नाही. आणि कदाचित वयही असेल, औषधही असेल, दोन्ही एकाच वेळी असेल. “नळीत एका वेळी एकच अवयव असतो,” ते म्हणाले. “म्हणून आपल्याला इतकं स्पष्ट दिसतं.”

मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच मी डॉ. इम्रींच्या पायरीवर होते. आमच्या लोकी भागातली निम्मी बाळंतपणं त्यांनी केलेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, की मिस कारगिल, ह्या वयात असं होतं आणि आपल्याच माणसाबद्दल ते मानायला जड जातं. शिवाय तुम्ही काही माणसांच्या डॉक्टर नाही.

“गिनीपिगांचीही नाही,” मी म्हणाले. “पण रेघ सपाट झालेली मला कळते.”

मग मी त्यांना सांगितलं, की काल संध्याकाळी आईच्या डोळ्यांवर बॅटरी मारली तर बाहुल्या लहान झाल्या नाहीत. तोंड इतकं सुकलंय की कवळी टाळूला चिकटते. नाडी एकशे दहा. सहा आठवड्यांत त्यांनी आईला तीनदा तपासलं होतं, वार विचारला होता, साल विचारलं होतं, डोळ्यांत बघितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. दोन्ही गोळ्या बंद करा म्हणाले. शुक्रवारपर्यंत फरक दिसला नाही तर मात्र सही करून टाका.

मी दारापर्यंत गेले तेव्हा ते म्हणाले, “ओल परत येईल बरं का. ते तिला पुन्हा सोसेल का, हे तिलाच विचारा.”

कुणाला विचारणार होते मी? घरी आई उशीच्या अभ्र्याला रविवारची चर्चची टोपी समजून डोक्यावर घालून बसली होती.

फर्गसला फोन केला तर तो म्हणाला, “म्हणजे आता तू डॉक्टर झालीस तर.” शुक्रवार काही तो पुढे ढकलणार नव्हता.

नळीतलं औषध काढायला तीन धुवण्या लागतात. खालची तोटी उघडायची, पाणी जाऊ द्यायचं, ताजं भरायचं, असं तीनदा. पाच-दहा मिनिटांत पेन पुन्हा चढू लागतं. आईला तोटी नव्हती. बुधवारी ती होती तशीच होती, उलट जास्तच. मला ती पेग म्हणत होती. पेग म्हणजे तिची बहीण, युद्धाच्या आधी वारलेली. मी तिला पाण्यावर पाणी पाजत होते, जसं काही त्यानेच लवकर धुऊन निघेल. कामावर मला बसवेना. खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायचे, घड्याळ बघायचे, पुन्हा फेऱ्या. दोनदा सार्वजनिक फोनवरून घरी फोन केला आणि मिसेस डूथी दोन्ही वेळा म्हणाल्या की आहे तसंच आहे, तू फोन केलास की मला उठावं लागतं. त्या दिवशी माझ्या हातून चार तुकड्यांच्या गाठी सुटल्या. पस्तीस वर्षांत एका दिवसात चार कधीच नव्हत्या. डॉ. लम्सडेनांनी काही न बोलता स्वतः पाचवी बांधली. तीही सुटली.

गुरुवारी चार वाजता घरी आले तर मिसेस डूथी दारातच उभ्या. तोंड आंबट करून म्हणाल्या, की सांगायला वाईट वाटतं, पण आज तेही सुरू झालं. खुर्ची, गालिचा, सगळं.

मी आत धावले. आई मोरीजवळ ओल्या झग्यात उभी होती आणि खाली जमिनीवर मोठं तळं. मी त्या तळ्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि हसू लागले, मग रडू लागले. दोन्ही थांबेचनात. मूत्राशयाचं कुलूप उघडलं होतं. म्हणजे बाकीचीही उघडणार होती. मिसेस डूथींना वाटलं, आता दोघींचंही डोकं फिरलं.

आईला धुऊन, कपडे बदलून, मी चहा आणि ओटची कोरडी बिस्किटं पुढे ठेवली. तिने एक खाल्लं. ते गिळलं गेलं. महिनाभर ती ते चघळून बाहेर काढत होती. मी तिला विचारलं, साखर हवी का. ती माझ्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

“अगं, पुढे ये जरा,” ती म्हणाली. “तुझे ओठ नुसते लगद्यासारखे दिसतात. किती दिवस झाले, सगळ्यांचेच ओठ असे लगद्यासारखे. कुणी धड बोलतच नाही माझ्याशी.”

मी कप खाली ठेवला. हे मला, तिच्या पोटच्या पोरीला, सुचायला हवं होतं. मागांच्या शेडमध्ये इतका आवाज असे, की पस्तिशीच्या आत बायका बहिऱ्या व्हायच्या. शेडच्या ह्या टोकाहून त्या टोकाला त्या नुसते ओठ हलवून बोलायच्या, चुगल्यासुद्धा. आईला ऐकू येत नाही हे घरात कधी कुणी बोललंच नाही. आम्ही लहानपणापासून तिच्यासमोर जाऊन, तोंड तिच्याकडे करून बोलायचो. कानातलं यंत्र तिने कधी लावलं नाही. गोळीने डोळ्यांतलं कुलूपही बंद केलं. जवळचं धूसर झालं, ओठ पुसले गेले. तिचं निम्मं वेड म्हणजे आम्ही तिला दिसत नव्हतो, एवढंच होतं. फर्गसने तर पाठ करून वार विचारला होता, आणि तिने बापडीने अंदाजाने लापशीचं उत्तर दिलं.

उरलेलं निम्मं मात्र खरं वेड होतं आणि ते अजून गेलं नव्हतं. कारण लगेच ती म्हणाली, “पेग, गिरणीचा भोंगा झाला का?”

शुक्रवारी दुपारी फर्गस मिसेस पेट्रींना घेऊन आला. मी रजा घेतली होती आणि सकाळपासून खोली पुसत होते. बाई वाईट नव्हत्या. हातमोजे काढून आईसमोर बसल्या. मी त्यांना तोंड नीट दिसेल असं बोला म्हणून सांगितलं होतं. त्यांनी साल विचारलं. आईने बरोबर सांगितलं. वार विचारला. आई म्हणाली बुधवार. फर्गसने मान खाली घातली.

“पंतप्रधान कोण आहेत, मिसेस कारगिल?”

“कोण का असेना,” आई म्हणाली. “मी काही त्याला मत दिलेलं नाही.”

मिसेस पेट्री हसल्या. मग फर्गसने काहीतरी विचारलं आणि आईने नाक मुरडलं. “ह्याचं काही कळत नाही,” ती मला म्हणाली. “मिशा ठेवल्यापासून मिशाच बोलतात, हा बोलत नाही.”

चहा झाल्यावर फर्गस मिसेस पेट्रींना बाहेर फाटकापाशी घेऊन गेला. असलं बोलणं घरात करू नये, एवढं त्याला कळतं. आई उठून खिडकीशी गेली आणि पडदा बोटभर बाजूला करून उभी राहिली. मी तिच्यामागे. बाहेर त्या दोघांचं बोलणं चाललेलं, काचेतून आवाजाचा पत्ता नाही.

“‘मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ शुद्धीत आहेत,’” आई म्हणाली. आवाज सपाट, शाळेत धडा वाचावा तसा. “आता मिशा हलतायत... ‘असे चांगले दिवस मध्ये येतात, मिस्टर कारगिल. त्यावर जाऊ नका.’ ... ‘खोली सोमवारपर्यंत धरून ठेवते.’”

मग ती थांबली.

“काय म्हणाल्या?” मी तिच्या पुढ्यात जाऊन विचारलं.

“‘पण घरात वास येतो,’” आई म्हणाली. तिने पडदा सोडला आणि खुर्चीत येऊन बसली. “मुताचा ना?”

“हो.”

“मला येत नाही. मग कुठली खोली? काय चाललंय हे, नेटा?”

सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिने मला माझ्या नावाने हाक मारली होती, आणि तीही हे विचारायला. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. खुर्ची कोरडी करणारी गोळी. खाजेची गोळी. त्या दोन्हींनी डोळे, तोंड, डोकं कसं बंद केलं. गॅस. ट्राम. अर्ज, त्यावरची फर्गसची सही. आणि आमची नवी गोळी, अजून तयार न झालेली. ती माझ्या ओठांवरून नजर काढत नव्हती.

“गोळ्या कुणी आणल्या?”

“मी.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

बोटं मांडीवर स्वस्थ होती, हे मी तेव्हा बघितलं. मग तिने विचारलं, “ती तुमची नवी, नुसती मुतायचं तेवढं धरणारी, तिला किती वेळ आहे?”

“झालीच तर दहा वर्षं.”

“मला एक्क्याऐंशी झाली.”

“ठाऊक आहे गं.”

“मग ती दुसऱ्या कुणासाठी कर. गाठ घट्ट मार म्हणजे झालं.”

मला ते सहन होईना. मी म्हणाले की जुनीच गोळी अर्धी घेऊन बघता येईल, डॉ. इम्री देतील, तेवढीने कदाचित खुर्चीही कोरडी राहील. मलाच ती कोरडी हवी होती. तिला शनिवारी कोट घालून बाहेर पडताना मला बघायचं होतं.

“अर्धी घेतली तर तुझं तोंड दिसेल का?”

“सांगता येत नाही.”

“मग नको,” आई म्हणाली. “ओलं काय, धुता येतं.”

फर्गस आत आला तेव्हा तिने हात पुढे करून अर्ज मागितला. डोळ्यांपासून लांब धरून, ओठ हलवत, तिने त्याची सही वाचली. मग कागदाची चार घड्यांची पट्टी केली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. “मिशा काढ आणि मग ये,” ती त्याला म्हणाली. फर्गस दारात तसाच उभा राहिला. त्याचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. पण ते मी त्याला आजवर बोलून दाखवलेलं नाही.

पुढच्या शनिवारी आईने स्वतःच कोट काढला. पिशवीत रबरी चादर, दोन टॉवेल, आतले कपडे. पिशवीचा बंद तुटला होता, तो तिने उभ्या उभ्या जोडला. गाठ बघायलाही मिळाली नाही, इतक्या झटकन.

हॉलमध्ये पूर्वी बावीसजणी असायच्या, आता नऊ होत्या. आईला बघून नऊ तोंडं एकदम हलू लागली, आवाज एकीचाही नाही. आईने खुर्चीवर सगळ्यांसमोर रबरी चादर पसरली, सुरकुत्या हाताने नीट केल्या आणि तिच्यावर बसली. मला कुठे बघावं कळेना. एकीने जरा उठून आपल्या खुर्चीवरची तशीच चादर दाखवली. दुसरी काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ते मला ओठांवरून कळलं नाही, मी त्यात कच्ची आहे.

मग आईने टेबलभर नजर फिरवून विचारलं, “बेला कुठाय?”

बेला तिच्या शेजारच्या मागावर सव्वीस वर्षं होती. बायका थांबल्या. त्यांतली एक पुढे वाकून, ओठ सावकाश हलवून बोलली. बेला ऑगस्टमध्ये गेली. तू होतीस की दफनाला, पहिल्या रांगेत.

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिला काळा कोट मीच घातला होता, हात धरून मीच नेलं होतं. कबरीजवळ उभी राहून ती हवेतून धागे वेचत होती, आणि बायका म्हणाल्या होत्या, बघा, मैत्रिणीसाठी शेवटची गाठ मारतेय.

“होते का मी,” आई म्हणाली. तिने कप उचलला, चहा संपवला. थोड्या वेळाने ती उठली, चादर पुसून घडी केली, पिशवीत ठेवली. कोटाच्या मागच्या बाजूला ताटाएवढा ओला डाग पडला होता. एकेकीच्या खांद्यावर हात ठेवत तिने निरोप घेतला आणि ताठ चालत बाहेर पडली.

रस्त्यावर शनिवारची गर्दी होती. मी तिच्या मागे, अगदी लगटून चालू लागले, माझ्या अंगाआड तो डाग झाकला जावा म्हणून. पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत तशीच गेले. तिथे ती थांबली आणि वळली.

“मागे काय चालतेस? शेजारी ये,” ती म्हणाली. “मागून बोललेलं मला दिसत नाही.”

मी काही बोललेच नव्हते. मी तिच्या शेजारी गेले, तोंड तिच्याकडे केलं, आणि बसथांब्यापर्यंत आम्ही तशाच चाललो.